फळ धरल्यावर तपासावे

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे चवतज्ज्ञ महोदय, आपल्या द्राक्ष उत्पादक संघाचे कार्यतत्पर सचिवसाहेब, संचालक मंडळाचे जागे असलेले आणि डोळे मिटून चिंतन करत असलेले सर्व सदस्य, बागायतदार बंधूंनो आणि भगिनींनो, पिंपघरातले, छाटणीवरचे, तोडणीवरचे माझे सोबती, आणि आज ज्यांच्यासाठी ही वाइनची लाकडी पिंपं भिंतीकडे सारून इथे खुर्च्या मांडल्या, त्या आपल्या सत्कारमूर्ती, पाहणीबाई. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी खणणीचा मुकादम. नव्या मंडळींना माझं काम ठाऊक नसेल म्हणून सांगतो. बाई बागेतून पुढे चालायच्या. चुकीच्या जातीची वेल दिसली की तिला पिवळी फीत बांधायच्या. मागून मी टोळी घेऊन यायचो आणि फीत असलेली वेल मुळासकट उपटून, नोंदवहीत तसं लिहून मोकळा व्हायचो. एकतीस वर्षं त्या पुढे आणि मी मागे. आमच्या सौ. चौथ्या रांगेत बसल्या आहेत, त्या म्हणतात की तुम्ही माझ्यामागे एवढे चालला असता तर आपलं घर कुठल्या कुठे गेलं असतं.

मला भाषणाची सवय नाही. म्हणून सचिवसाहेबांनी हे भाषण टाइप करून दिलं आहे. "मुकादम, जसं आहे तसं वाचा, मध्ये स्वतःचं काही घालू नका," असं त्यांनी बजावलंही आहे. तेव्हा मी जसं आहे तसं वाचतो. मध्ये श्वास घेईन, तेवढा माझा.

"तीनशे चाळीस वर्षांपूर्वी आपल्या मूळपुरुषाने, एका सरदाराच्या साध्या माळ्याने, डोंगरापलीकडून राणीकाळी या थोर जातीची एकच काडी ओल्या फडक्यात गुंडाळून, अनवाणी पायांनी या खोऱ्यात आणली."

इथे श्वास घेतो. मी नोकरीला लागलो तेव्हा माहितीपत्रकात दोनशे वर्षं छापलेली होती आणि माळीबुवा खेचरावरून आले होते. दुसऱ्या आवृत्तीत खेचर वाटेत मेलं. चौथ्या आवृत्तीत त्यांच्या चपला गेल्या. मी सचिवसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, संशोधन चालू असतं. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत आपला इतिहास एकशे चाळीस वर्षांनी मोठा झाला. त्या मानाने माझं वय फारच सावकाश वाढलं म्हणायचं. पुढच्या आवृत्तीत माळीबुवांच्या अंगावर काय शिल्लक ठेवायचं ते संचालक मंडळाने आत्ताच ठरवून घ्यावं, एवढी विनंती आहे.

पुढे वाचतो. "आपल्या खोऱ्यात मुख्यतः तीन जाती. पहिली राणीकाळी: गडद, गंभीर, घरंदाज. दुसरी पहाटी: पांढरी, हलकी, उन्हाळी दुपारची सोबतीण. तिसरी उशिरी: हलक्या कुळाची, आंबट, लबाड, आपल्या नावलौकिकाला लागलेला डाग. नियमपुस्तिकेतील नियम सहा असे सांगतो की उशिरी आढळल्यास ती समूळ नष्ट करावी, अशी खुद्द मूळपुरुषाची आज्ञा आहे."

ही आज्ञा फाटकाजवळच्या पितळी फलकावरही आहे. आता बागायतदारांना हे सांगायला नको, पण बाहेरची पाहुणेमंडळी आली आहेत म्हणून सांगतो की राणीकाळी आणि उशिरी या दोन काळ्या जाती दिसायला सख्ख्या बहिणी. फरक कळतो तो वसंतात, कोवळ्या फुटीवर. एकीचा शेंडा तांबूस असतो, दुसरीचा पांढरा, लव असलेला. आपल्या संघाच्या अंगणात लोखंडी कठड्यात, पितळी पाटीखाली जी आदर्श राणीकाळी लावलेली आहे, तिचा शेंडा तांबूस. म्हणून तांबूस ती राणी, आणि पांढरी ती उशिरी. इतकं सोपं.

एक गोष्ट मात्र मला नोकरीला लागल्यापासून खटकायची. ही जी पांढऱ्या शेंड्याची उशिरी आम्ही उपटायचो, ती पिकायची राणीकाळीच्या तीन आठवडे आधी. नाव उशिरी, आणि सगळ्यात आधी तयार! मी एकदा हिय्या करून विचारलं. तेव्हा मला नियमपुस्तिकेतली तळटीप दाखवण्यात आली. "उशिरी ही लबाड जात असून तपासणी चुकवण्यासाठी लवकर पिकते." आता यावर मुकादमाने काय बोलायचं? मी कुदळ उचलली.

घंटा वाजवू नका, सचिवसाहेब, अजून तुमचंच पान चालू आहे.

"पाहणीबाईंनी आपले कर्तव्य निःस्पृहपणे बजावले." हे वाक्य खरं आहे, म्हणून दोनदा वाचायला हवं. अध्यक्षमहोदय, आपल्याला आठवत असेल, आपल्या घरी कार्य होतं, बागेत पंगत बसली होती, आणि बाई पंगतीच्या मागून फीत बांधत चालल्या होत्या. आपण म्हणालात, "बाई, आज तरी!" बाई म्हणाल्या, "वेलीला आज-उद्या कळत नाही, साहेब." नऊ फिती बांधल्या. पाहुण्यांना वाटलं सजावटच आहे. त्यांनी कौतुक केलं.

हे झालं आपलं. पण बाईंनी सख्ख्या भावालाही सोडलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ वरच्या उतारावर बाग करायचा, जुन्या दगडखाणीच्या अंगाला. एका वसंतात बाईंनी त्याच्या बागेत दोनशे साठ फिती बांधल्या. निम्म्याहून अधिक बाग पिवळी झाली. तो म्हणाला, "ताई, आधी ह्या द्राक्षाची वाइन घोटभर पिऊन बघ, मग बांध." बाई म्हणाल्या, "मी शेंडा बघते. चव बघणारे वेगळे आहेत." तो म्हणाला, "मग बहीण म्हणून तरी बघ." बाई पुढच्या वेलीकडे गेल्या. मी मागेच होतो. पुढल्या वर्षी त्याने जमीन संघाला विकली आणि गाव सोडलं. त्या फितींना एकोणीस वर्षं झाली. भाऊ आजतागायत बहिणीशी बोललेला नाही. बाईंनी याबद्दल एक शब्द कधी काढला नाही, पण त्या दिवसापासून त्या वरच्या उतारावर कधी गेल्या नाहीत. तिथली पाहणी कागदावरच व्हायची.

आता सचिवसाहेबांचं पान संपलं. शेवटी "बाईंना उर्वरित आयुष्यासाठी शुभेच्छा" एवढंच आहे. ते मी शेवटी वाचीन. पाठीमागची बाजू कोरी आहे, ती माझी.

बाईंच्या निवृत्तीला अजून आठ महिने आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? मग हा समारंभ आज का?

या हिवाळ्यात बाई कचेरीतलं जुनं कपाट आवरत होत्या. तळाशी त्यांना एक वही सापडली. आपल्या संघाच्या पहिल्या पाहणी कारकुनाची. एकशे दहा वर्षांपूर्वी मुळं खाणाऱ्या किडीने हे सगळं खोरं उजाड केलं, हे आपण ऐकून आहोत. वही त्याच्या आधीपासूनची आहे. पानापानावर द्राक्षाचं एकेक वाळलेलं पान चिकटवलेलं, आणि खाली सुबक अक्षरात माहिती. राणीकाळीच्या पानाखाली लिहिलं आहे: "शेंडा पांढरा, लव. सर्वांच्या आधी पिकते." उशिरीच्या पानाखाली: "शेंडा तांबूस. सर्वांच्या शेवटी पिकते. मजुरांच्या पिण्यास उत्तम." बंदीचा ब कुठे नाही. आज्ञा नाही, माळीबुवा नाहीत, खेचरसुद्धा नाही.

आणि शेवटच्या पानावर, किडीनंतर बाहेरून नवी कलमं आली तेव्हाची नोंद. मला ती तोंडपाठ आहे. "कलमांच्या मोळ्या गाडीतून येताना भिजल्या. राणीकाळी व उशिरी यांच्या चिठ्ठ्या सुटून पडल्या. पुन्हा अंदाजाने बांधल्या. फळ धरल्यावर तपासावे."

फळ धरायला तीन वर्षं लागतात. कारकून त्याआधीच वारला. आणि त्याच्या जागी आलेल्याने तपासलं नाही, कारण ते काम आधीच्या माणसाचं होतं.

मंडळी, कुजबुज थोडी कमी करा, मागच्यांना ऐकू जात नाही. होय, तुम्हाला जे वाटतंय तेच. आपण एकशे दहा वर्षं उशिरीला राणी म्हणून मिरवतो आहोत, आणि राणीला हुडकून हुडकून उपटतो आहोत. कठड्यात, पितळी पाटीखाली उभी आहे ती मजुरांच्या पिण्याची. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी आयुष्यभर तीच प्यालो, आणि मी मजूरच आहे.

बाई वही घेऊन संचालक मंडळापुढे गेल्या. मलाही बोलावलं होतं, नोंदवही घेऊन दाराशी उभा राहायला. बाईंनी वहीतल्या नोंदी वाचून दाखवल्या. अध्यक्षांनी चष्मा लावून वही पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, हे आणखी कोणाला दाखवलंत?"

"कोणाला नाही."

"छान केलंत. म्हणजे हे खरं असेल, तर आपण आजवर विकलं काय?"

"उशिरी," बाई म्हणाल्या.

 तेव्हा आपले हे चवतज्ज्ञ महोदय पुढे सरसावले आणि म्हणाले, "मला हे चवीवरून केव्हापासूनच जाणवत होतं. उगाच वाद नको म्हणून बोललो नाही." महोदय, गेली बावीस वर्षं आपण प्रत्येक माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर राणीकाळीच्या थोर कुळाबद्दल लिहीत आला आहात. वाद टाळण्यासाठी माणूस किती कष्ट घेतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

सचिवसाहेबांनी विचारलं, "इतिवृत्तात काय लिहू?" अध्यक्ष म्हणाले, "लिहा, वहीची नोंद घेण्यात आली. वही जतन करावी." लोखंडी कपाटात वही जतन झाली. आपल्या संघात जतन केलेली वस्तू पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडल्याचं मला तरी आठवत नाही. दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली हरवली. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांना बाई फार थकलेल्या दिसू लागल्या. आठव्या दिवशी सत्कार समिती नेमली गेली. आपला संघ कामाला एवढा चपळ आहे, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं.

पण बाईंनी त्या दालनात एकच मागणी केली होती. त्यांना पाटी बदलायची नव्हती, माफीनामा नको होता. त्या म्हणाल्या, "कुठे एखादी खरी राणीकाळी उरली असेल तर शोधू या. तिची कलमं बांधून एक रांग लावू या. तेवढं करून मी जाते." अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. "मुकादम, नोंदवही काय म्हणते?" मी वाचून दाखवलं. आजवर फीत बांधलेल्या वेली अकरा हजार सहाशे बारा. खणून काढलेल्या वेली अकरा हजार सहाशे बारा. शिल्लक काही नाही.

बाई वळल्या. मला म्हणाल्या, "मुकादम, एकही नाही?"

आणि मी म्हणालो, "नाही, बाई."

पायऱ्या उतरताना त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "सगळ्या मी माझ्या हाताने बांधल्या. आणि तो म्हणत होता, घोटभर पिऊन बघ." मी मागेच होतो. नेहमीसारखा. त्यानंतर त्या बागेत आल्या नाहीत. मी तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. लाज वाटत होती, अध्यक्षमहोदय. ह्या सभागृहात ती वस्तू फारशी वापरात नाही, म्हणून उलगडून सांगतो. जेवताना घास उतरत नाही, तिला लाज म्हणतात.

कारण मी खोटं बोललो होतो. नोकरीला भिऊन बोललो. खोटी नोंद केल्याबद्दल मुकादमाला काढून टाकता येतं, तोही एक नियम आहे, नियम एकोणीस. तर आता सांगतो. एकोणीस वर्षांपूर्वी बाईंच्या भावाच्या बागेत आम्ही दोनशे साठ वेली खणायला गेलो. दोनशे तेरा खणल्या. वर खाणीच्या कडेला दगडाळ पट्टीत सत्तेचाळीस राहिल्या. दुपार झाली, मी टोळीला सुटी दिली आणि नोंदवहीत लिहिलं, "सर्व खणून काढल्या." घरी सौ.ला सांगितलं, पाठ धरली होती. ती गेली एकोणीस वर्षं माझ्या पाठीला तेल लावते आहे. तिचीही आज क्षमा मागतो. पाठ उत्तम होती. बाईंचा भाऊ बांधावर बसला होता. शिव्या देत नव्हता, रडत नव्हता. नुसता बघत होता, मी कोणत्या वेलीला हात घालतो ते. माझ्याने पुढे कुदळ उचलवली नाही. मी फिती गाठीसकट वेलींवरून सरकवून काढल्या, खिशात कोंबल्या आणि खाली आलो. ही जात थोर आहे म्हणून मी काही वाचवलं नाही. मला कुठे ठाऊक होतं? हा निव्वळ कामचुकारपणा होता.

पुढे जमीन संघाची झाली. संघाची जमीन म्हणजे कोणी बघत नाही, त्यामुळे वेली सुखरूप राहिल्या. पण एकदा खोटं लिहिलं की ते सांभाळावं लागतं. मी दर हिवाळ्यात जाऊन गुपचूप छाटणी करायचो. फळ धरलं, तर टाकवेना. म्हणून दरवर्षी एक छोटं पिंप माझ्या घराच्या तळघरात भरू लागलं.

आता एक खुलासा. आज व्यासपीठावरचे पेले भरण्याचं काम माझ्याकडे होतं. प्रमुख पाहुण्यांनी मघाशी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हीच ती! खरी राणीकाळी! तीनशे चाळीस वर्षं या घोटात आहेत." महोदय, आपण अगदी बरोबर बोललात. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पेला खाली ठेवू नका, आता तर निश्चिंतपणे प्या.

अध्यक्षमहोदय, आपण सचिवसाहेबांच्या कानात काय म्हणालात ते माझ्यापर्यंत आलं. नियम सहा. फलकाप्रमाणे पाहिलं तर पांढऱ्या शेंड्याच्या त्या सत्तेचाळीस वेली उद्या सकाळी समूळ नष्ट व्हायला हव्यात, आणि खणणीचा मुकादम मीच आहे. अडचण अशी की माझी पाठ धरली आहे. यावेळी खरंच. आणि हे जे माझे टोळीवाले मागे भिंतीला टेकून उभे आहेत, त्यांना विचारा. बघा, सगळ्यांचे हात कमरेवर गेले. साथ आहे, अध्यक्षमहोदय. मला काढायचं तर नियम एकोणीसप्रमाणे खुशाल काढा. माझ्या निरोपालाही पिंपं सारून खुर्च्या मांडा, पण भाषण मला माझं मी लिहू द्या.

बाई, संघाने आपल्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. बागायतदारांनी फुलं दिली. माझ्याकडे हा पत्र्याचा डबा आहे. यात सत्तेचाळीस पिवळ्या फिती आहेत. रंग उडालाय, पण गाठी तुमच्याच हातच्या आहेत, मी काढताना एकही सोडली नाही. अकरा हजार सहाशे बारातून एवढ्या वजा करा. फार नाहीत, मला ठाऊक आहे. पण एका रांगेला पुरतात.

सध्या वसंत आहे. फूट वीतभर झाली आहे. शेंडे पांढरेशुभ्र आहेत, मी सकाळी पाहून आलो.

अहो बाई, उठलात कुठे? अजून अध्यक्षीय समारोप व्हायचा आहे. घड्याळ तरी घ्या. बरं, राहू द्या, घड्याळ मी आणतो.

मंडळी, सत्कारमूर्ती दारापर्यंत पोहोचल्या आहेत, आणि मला त्यांच्या मागून चालायची सवय आहे, तेव्हा आवरतो. संघाचे, अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि मला पाठीमागची बाजू कोरी दिल्याबद्दल सचिवसाहेबांचे आभार. बाईंना उर्वरित आयुष्यासाठी शुभेच्छा. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. एकतीस वर्षांत बाकीचं जे काम चोख केलं, त्याबद्दलही क्षमा असावी.

बाई, सावकाश! वाट चढाची आहे, आणि घाई करायचं काही कारण नाही. तुमचा भाऊ दुपारपासून वर बांधावर बसलेला आहे. मीच कळवलं होतं. सभागृहात चल म्हटलं, तर म्हणाला, भाषणं ऐकण्यापेक्षा उन्हात बसतो. पेला त्याने बरोबर आणला आहे. म्हणाला, ताईला सांग, अजून घोटभर बाकी आहे.